गाडीला रेसिंगचा हार्नेस बसवताय? थांबा, आधी हे नियम समजून घ्या!

हल्ली तालुक्याच्या गावातही एखादी थार, जुनी जिप्सी किंवा स्विफ्ट अशी दिसते की ड्रायव्हरच्या सीटवरून दोन रुंद लाल पट्टे लोंबत असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रेसिंग हार्नेस आहे. ऑनलाइन मागवला, गॅरेजवाल्याने तासाभरात बसवून दिला." दिसायला भारी दिसतो, खोटं कशाला बोला! आणि कंपनीच्या एका पट्ट्यापेक्षा हे चार पट्टे जास्त दणकट असणार, असं कुणालाही वाटेल.

पण खऱ्या मोटरस्पोर्टची नियमावली उघडून पाहिली की वेगळंच चित्र दिसतं. तिथे हार्नेस एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर सीट, लोखंडी पिंजरा म्हणजे रोल केज, हेल्मेट आणि मान सांभाळणारं उपकरण, असा सगळा संच येतो. त्यातला फक्त पट्टा उचलून रोजच्या गाडीत लावला तर अपघातात तो कंपनीच्या साध्या बेल्टपेक्षा जास्त घातक ठरू शकतो. असं का, ते सविस्तर पाहूया.

कंपनीचा साधा बेल्ट वाटतो तितका साधा नाही

आपल्या गाडीत असतो तो तीन जागी अडकवलेला पट्टा. १९५९ साली व्होल्वो कंपनीतले स्वीडिश इंजिनीअर निल्स बोहलिन यांनी तो तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. तेव्हापासून त्यात बरीच भर पडली. आजच्या बहुतेक गाड्यांत धडक बसताक्षणी पट्टा मागे खेचून घट्ट करणारा प्रीटेन्शनर असतो. त्यानंतर जोर फार वाढला तर पट्टा थोडासा सैल सोडून छातीच्या फासळ्या वाचवणारा लोड लिमिटर असतो. एअरबॅग किती वेळात आणि किती फुगायची, हे सगळं याच पट्ट्याशी जुळवलेलं असतं. म्हणजे पट्टा, एअरबॅग आणि सीट यांची कंपनीने एकत्र चाचणी घेतलेली असते.

ऑनलाइनच्या हार्नेसमध्ये यातलं काहीच नसतं. तो नुसता कापडी पट्टा आणि बकल. तो लावला की मूळ बेल्ट मोकळा राहतो आणि गाडी टिंग टिंग वाजायला लागते. मग पोरं बकलमध्ये एक खोटी क्लिप खोचून आवाज बंद करतात. या क्लिप विकण्यावरून मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांवर आदेश काढले आणि १३,११८ जाहिराती साइटवरून उतरवायला लागल्या. दहावीस रुपयांची ती क्लिप गाडीला सांगते की माणसाने पट्टा लावलाय, आणि एअरबॅगचं गणित त्या खोट्या माहितीवर चालतं.

धडकेचा हिशोब क्विंटलमध्ये

एक साधं गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि झाडावर आदळून तुमचं शरीर साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलं. अशा वेळी शरीरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या जवळजवळ २० पट असतो. ७० किलोच्या माणसासाठी हा जोर होतो १४ क्विंटलच्या आसपास. एवढा भार त्या पट्ट्यांवर, बोल्टवर आणि ज्या पत्र्यात बोल्ट आहे त्या पत्र्यावर एका क्षणात येतो.

डोकं आणि हेल्मेट मिळून ६ किलो धरा. त्याचे होतात १२० किलो, म्हणजे कांद्याच्या दोन भरलेल्या गोण्यांपेक्षा जास्त, आणि हे सगळं ओझं एकट्या मानेवर. पुढचं सगळं समजायला हे दोन आकडे लक्षात असू द्या.

चार, पाच, सहा पॉइंट म्हणजे काय?

पट्टा गाडीला किती जागी अडकवला आहे त्यावरून हे नाव पडतं. चार पॉइंटमध्ये दोन पट्टे खांद्यावरून आणि दोन कमरेभोवती. पाच पॉइंटमध्ये मांड्यांच्या मधून एक पट्टा वर येतो, सहा पॉइंटमध्ये असे दोन. सगळे पट्टे पोटाखाली एका गोल बकलमध्ये अडकतात आणि बकलचा खटका फिरवला किंवा दाबला की एकदम सुटतात.

मांड्यांमधला पट्टा बघून लोक हसतात, "हा कशाला पाहिजे, उगाच अडचण." म्हणून स्वस्तातला चार पॉइंटचा पट्टा जास्त खपतो. पण खरी मेख याच पट्ट्यात आहे. खांद्याचे दोन्ही पट्टे घट्ट ओढले की ते कमरेच्या पट्ट्याचं बकल वर खेचतात. धडक बसली की शरीर पुढे जातं, खांद्याचे पट्टे आणखी ताणतात, कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. इंग्रजीत याला सबमरीनिंग म्हणतात, पाणबुडीसारखं खाली जाणं. हाडाने घ्यायचा १४ क्विंटलचा मार मग यकृत, प्लीहा, आतडी घेतात. बाहेरून जखम दिसत नाही आणि आत रक्तस्राव चालू असतो. मांड्यांमधला पट्टा बकल खाली धरून ठेवतो, तेवढंच त्याचं काम.

याच कारणाने परदेशात हौशी लोकांसाठी होणाऱ्या ट्रॅक डेमध्ये, म्हणजे आपली रोजची गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, अनेक आयोजक चार पॉइंटचा हार्नेस चालवून घेत नाहीत. कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट चालतो, सहा पॉइंटचा पूर्ण संच चालतो, पण मधलं काही नको, असा हिशोब. याला एक अपवाद सांगितला पाहिजे. जर्मनीच्या श्रोथ कंपनीने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी चार पॉइंटचा असा पट्टा काढला आहे, ज्यात एका खांद्याचा पट्टा धडकेत थोडा लांबतो, त्यामुळे शरीर जरा वळतं आणि खाली घसरत नाही. पण तो ठरावीक गाड्यांसाठीच मान्य केलेला असतो. त्याच्यासारखा दिसणारा कुठलाही पट्टा म्हणजे तो नव्हे.

पिंजऱ्याशिवाय हार्नेस का नको

गाडी उलटली की छप्पर खाली येतं. तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये वरचं अंग एका बाजूला झुकू शकतं, कारण पट्टा एकाच खांद्यावर असतो. हार्नेसमध्ये दोन्ही खांदे सीटला जखडलेले. माणूस ताठ बसलेला आणि छप्पर डोक्यावर. मग मणका सगळा भार घेतो. म्हणून रोल केज किंवा निदान चांगला रोल बार नसेल तर हार्नेस नको, असं रेसिंगमधले जाणकार सांगतात.

कापडी छताच्या जिप्सी आणि जीपवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. बाजारात मिळणारा स्टाइलचा रोल बार, ज्यावर पिवळे दिवे लावतात, तो बहुतेक वेळा पातळ पाइपचा असतो आणि पत्र्यात चार स्क्रूने बसवलेला असतो. त्याला पिंजरा म्हणू नका. तसंच दोन खांबांमध्ये आडवी टाकलेली हार्नेस बार. ती पट्टा अडकवायला उपयोगी असेल, पण उलटलेल्या गाडीत ती छप्पर धरत नाही.

मान आणि डेल अर्नहार्ट

१८ फेब्रुवारी २००१. अमेरिकेत डेटोना ५०० या मोठ्या शर्यतीचा शेवटचा फेरा चालू होता. तिथला सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर डेल अर्नहार्ट याची गाडी भिंतीवर आदळली. टीव्हीवर बघणाऱ्यांना टक्कर फार मोठी वाटली नाही, पण तो वाचला नाही. कवटीचा तळ मोडला होता. शरीर पट्ट्यांनी धरून ठेवलं आणि डोकं पुढे जात राहिलं की असं होऊ शकतं. रेसिंगमध्ये त्याआधीही अनेक ड्रायव्हर असेच गेले होते. १९९४ मध्ये इमोलाला फॉर्म्युला वनचा रोलंड रात्झेनबर्गर गेला तो याच प्रकारच्या दुखापतीने.

अर्नहार्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुढे आली. नासकार संस्थेने ऑगस्ट २००१ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की कमरेचा डावा पट्टा तुटला होता. ज्या लोखंडी कडीतून तो पट्टा जातो त्या कडीच्या एका कोपऱ्यात तो गोळा झाला, सगळा ताण काठावर आला आणि कापड फाटत गेलं. पट्टा कुठल्या कोनात बसवला होता यावर पुढे बराच वाद झाला. वाद कुणाचाही बरोबर असो, पट्टा कडीत सपाट आणि सरळ ओढला गेला पाहिजे, तिरपा नको, ही गोष्ट तेव्हापासून मेस्त्री लोक जास्त काळजीने बघायला लागले.

मान वाचवायचं साधन तेव्हा बाजारात होतं. ते होतं हान्स. अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकात बनवलं. डाउनिंगचा एक मित्र १९८१ मध्ये अशाच दुखापतीने गेला, तिथून कामाला सुरुवात झाली. खांद्यावर बसणारी कॉलरसारखी वस्तू, वरून हार्नेसचे पट्टे, आणि दोन छोट्या पट्ट्यांनी ती हेल्मेटला जोडलेली. डोकं पुढे गेलं तर ओढ मानेवर न येता खांद्यावर आणि पट्ट्यांवर येते. ड्रायव्हर ते वापरायला कां-कूं करत होते. ऑक्टोबर २००१ मध्ये नासकारने मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं, २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्स सक्तीचं केलं.

आपल्या मुद्द्याशी याचा संबंध असा की हान्स साध्या तीन पॉइंटच्या बेल्टवर बसत नाही, त्याला दोन्ही खांद्यांवर पट्टे लागतात. आणि उलटंही तितकंच खरं. दोन्ही खांदे जखडले आणि हान्स नसेल, तर मघाशी सांगितलेल्या कांद्याच्या दोन गोण्या मानेला लटकल्या म्हणून समजा.

एफआयए काय म्हणते: बसवायचे नियम

जगभरच्या मोटरस्पोर्टचे नियम एफआयए ही संस्था ठरवते. रॅलीच्या आणि सर्किटवरच्या गाड्यांसाठी तिचं अपेंडिक्स जे नावाचं पुस्तक आहे. त्यातल्या कलम २५३ मध्ये हार्नेसबद्दल सगळं लिहिलं आहे. आपल्या गॅरेजवाल्याला हे वाचून दाखवायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, पट्टा सीटला किंवा सीटच्या स्टँडला अडकवायला मनाई आहे. तो गाडीच्या मूळ सांगाड्याला, शासीला किंवा पिंजऱ्याला अडकवायचा. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. सीटच्या मागच्या नळीला पट्टा गुंडाळतात, नाहीतर सीटच्या रेलिंगच्या बोल्टला. ते बोल्ट सीट धरायला असतात. सीटचं आणि माणसाचं असं दोघांचं वजन घ्यायला ते नसतात.

दुसरी गोष्ट ताकदीची. खांद्याच्या आणि कमरेच्या प्रत्येक जागेने १४७० डेकान्यूटन, म्हणजे जवळपास १५ क्विंटलचा जोर सहन केला पाहिजे. मांड्यांमधल्या पट्ट्याच्या जागेने ७२० डेकान्यूटन, सुमारे सव्वासात क्विंटल. एकाच जागी दोन पट्टे अडकवले तर दोघांची बेरीज धरायची. बोल्ट कमीत कमी एम १२ आकाराचा, ८.८ ग्रेडचा, किंवा ७/१६ इंची बारीक आट्यांचा. नवीन भोक पाडलं तर पत्र्याच्या मागून किमान ३ मिलीमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी द्यायची. ४० चौरस सेंटिमीटर म्हणजे अंदाजे ८ बाय ५ सेंटिमीटर, काड्यापेटीपेक्षा बरीच मोठी. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलीमीटरच्या आसपास असतो. त्यात नुसता बोल्ट आणि गोल वॉशर लावला तर धडकेत वॉशर पत्रा फाडून वर येईल. ज्यांनी ट्रॉलीचा हुक पत्र्यातून उपटलेला बघितला आहे त्यांना हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट कोनाची, आणि ही जरा शांतपणे वाचा. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना शक्यतो आडवे गेले पाहिजेत. एफआयए म्हणते, आडव्या रेषेपासून खाली १० अंशांपेक्षा जास्त उतार नसलेला बरा, आणि ४५ अंशांच्या पुढे तर अजिबात चालणार नाही. वरून बघितलं तर सीटच्या मधल्या रेषेपासून पट्टे २० अंशांपेक्षा जास्त आत किंवा बाहेर वळलेले नकोत. आता आपल्याकडे काय करतात? खांद्याचा पट्टा सीटच्या मागून सरळ खाली, मागच्या सीटच्या पायाशी असलेल्या बोल्टला. म्हणजे उतार ७०-८० अंश. धडक बसली की असा पट्टा शरीराला मागे धरत नाही, खांद्यावरून खाली दाबतो. पोतं दोन्ही हातांनी वरून दाबावं तसा मणका दाबला जातो.

कमरेच्या पट्ट्याबद्दल नियम असा की तो सीटच्या बाजूवरून न जाता सीटमधल्या भोकांतून गेला पाहिजे. मांडी आणि ओटीपोटाचं हाड जिथे मिळतं त्या खोबणीत तो बसला पाहिजे. पोटावर कोणत्याही परिस्थितीत नको, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनीच्या सीटला अशी भोकं नसतात. खांद्याचे पट्टे हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंनी घसरतात, खालची गादी मऊ असल्यामुळे धडकेत दबते आणि घट्ट ओढलेला पट्टाही सैल पडतो. म्हणून संचात रेसिंगची एकसंध सीट लागते. पाठ मागे पडणाऱ्या सीटवर हार्नेस बसवणं म्हणजे अर्धवट काम.

चौथी गोष्ट, हार्नेस ज्या रूपात मंजूर झाला त्याच रूपात वापरायचा. पट्टा कापून लहान करायचा नाही, दुसऱ्या कंपनीचं बकल लावायचं नाही, शिवण उसवून परत मशीनवर मारायची नाही. गावात सीट कव्हर शिवणारे कारागीर फार हुशार असतात, पण हे काम त्यांच्याकडे नेऊ नका.

रॅलीसाठी आणखी एक नियम आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. गाडीत पट्टा कापायची दोन कटर कायम ठेवायची. तीही अशा जागी की ड्रायव्हर आणि शेजारचा नेव्हिगेटर, दोघांनाही पट्टे बांधलेल्या स्थितीत हात पोचला पाहिजे. गाडी उलटी पडली, बकल अडकलं, तर डिकीतला चाकू काय कामाचा?

लेबल आणि तारीख

खऱ्या हार्नेसच्या प्रत्येक पट्ट्यावर एफआयएचं लेबल शिवलेलं असतं. जुन्या दर्जाचे क्रमांक ८८५४/९८ (चार पॉइंटसाठी) आणि ८८५३/९८ (सहा पॉइंटसाठी), आणि नवा दर्जा ८८५३-२०१६. लेबलवर कोणत्या वर्षानंतर चालणार नाही तेही छापलेलं असतं. ९८ च्या दर्जाच्या पट्ट्यांना पाच वर्षांची मुदत असायची. अमेरिकेत एसएफआय ही दुसरी संस्था आहे, तिच्या १६.१ दर्जाचा पट्टा तयार झाल्यापासून दोनच वर्षं चालतो.

पट्टा नवाकोरा दिसतो, मग मुदत कशाला, असा प्रश्न हमखास येतो. हे कृत्रिम धाग्याचं कापड उन्हाने कमजोर होतं, डोळ्यांना कळतही नाही. शेतात ठेवलेली नायलॉनची दोरी दोन उन्हाळ्यांनी हाताने तुटते, तसंच. आपल्याकडे गाडी दिवसभर उन्हात उभी असते, त्याच गाडीत कधी फवारणीचं औषध, कधी बॅटरी, कधी डिझेलचा कॅन. ऊन आणि रसायन यांनी पट्टा कमजोर झाला असेल, कुठे कापलेला किंवा विसविशीत झाला असेल, लोखंडी भाग वाकला किंवा गंजला असेल, तर मुदत शिल्लक असली तरी बदलायचा, असं एफआयएचा नियम सांगतो. आणि एकदा जोरात अपघात झाला की तो पट्टा संपला. कापड एकदा ताणलं गेलं की दुसऱ्या वेळी ते तसंच वागेल याचा भरवसा नाही. त्यामुळे जुना वापरलेला हार्नेस स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं, हा वाचवलेल्या पैशांचा सौदा नव्हे.

हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या, नामांकित कंपनीचं नाव छापलेल्या पट्ट्यांबद्दल एकच सांगतो. त्यावर एफआयएचं लेबल, दर्जाचा क्रमांक आणि मुदतीचं वर्ष यातलं एकही नसेल तर तो शोभेचा पट्टा आहे.

आपल्याकडे स्पर्धेत उतरायचं असेल तर

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते. स्पर्धेला तिची परवानगी लागते आणि स्पर्धकाला तिचं लायसन्स. महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र झालेली आहे, पुण्या-नाशकाकडे ऑटोक्रॉस होत आली आहेत. त्यामुळे आपल्या भागातली पोरं यात उतरतात ही चांगली गोष्ट आहे, तक्रार त्याची नाही.

सगळ्या स्पर्धा सारख्या नसतात. टीएसडी रॅली ही वेगाची शर्यत नाही. दिलेल्या वेळेत, दिलेल्या सरासरीने अंतर कापायचं असतं. तिथे घरची गाडी आणि कंपनीचा बेल्ट पुरतो. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर आखलेला मार्ग असतो, एकेक गाडी सोडतात. अमेरिकेत एससीसीए संस्थेच्या अशा स्पर्धांत लोक कंपनीच्या बेल्टवरच उतरतात. खऱ्या वेगाच्या रॅलीत मात्र पिंजरा, सीट, सहा पॉइंट, हेल्मेट, हान्स असा सगळाच संच मागतात. तुमच्या गटाला नेमकं काय लागतं हे त्या त्या स्पर्धेच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशनच्या कागदात लिहिलेलं असतं. प्रवेश फी भरण्याआधी तो कागद मागून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. गाडी तपासणारा अधिकारी, म्हणजे स्क्रुटिनियर, लेबल वाचतो, वर्ष बघतो, बोल्टपर्यंत हात घालतो. तिथे "साहेब, आजच्या दिवस चालवून घ्या" म्हणून भागत नाही.

ट्रॅक डेला आणखी एक चांगली पद्धत आहे. पोर्शे क्लबसारख्या संस्था सांगतात की ड्रायव्हरच्या सीटला जसा पट्टा, तसाच शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या सीटला पाहिजे. स्वतःला सहा पॉइंट आणि शेजाऱ्याला साधा बेल्ट, हे चालत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं दिसतं. हार्नेस एकाच सीटला, त्याचे खांद्याचे पट्टे मागच्या सीटवर ताणलेले, आणि त्या मागच्या सीटवर त्या पट्ट्यांच्या मध्ये घरची लहान मुलं बसलेली.

रस्त्यावर कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे सीट बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे कलम कडकपणे वाचलं आहे. मूळ बेल्ट काढून टाकलेली, मागची सीट उतरवून पाइप वेल्ड केलेली गाडी घेऊन नाक्यावर वाद घालू नका. विम्याचा दावा करताना हाच मुद्दा पुन्हा निघू शकतो. आणि सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ लागतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परत सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा बाजूला ठेवला तरी रोजच्या वापरात हार्नेस गैरसोयीचा. घट्ट बांधला तर चौकात पुढे वाकून बघता येत नाही, टोलवर हात पोचत नाही. मग माणूस तो सैल ठेवतो, आणि सैल हार्नेस सगळ्यात वाईट. स्पर्धेची गाडी असेल तर मूळ बेल्ट जागेवर राहू द्या. रस्त्यावर तो लावा, मैदानात हार्नेस. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावायला सांगा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागाची होती, एअरबॅगही होत्या.

बांधायची पद्धत

ज्यांच्याकडे पूर्ण संच आहे त्यांच्यासाठी शेवटचं. सीटमध्ये पाठ आणि कंबर मागे टेकवून बसा. आधी कमरेचा पट्टा, हाडावर, जेवढा ओढता येईल तेवढा. मग मांड्यांमधले. खांद्याचे सगळ्यात शेवटी. बरेच जण आधी खांदे ओढतात आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. बकल ओटीपोटाच्या खाली, मधोमध आलं पाहिजे, आणि पट्ट्यात कुठे पीळ नको. खिशात किल्ली, मोबाइल, पट्ट्याखाली जाड जर्किन काही नको. बांधून झाल्यावर एकदा डोळे मिटून बकल सोडून बघा आणि कटरपर्यंत हात पोचतो का तेही तपासा. हान्स नसताना वापरलेला पट्टा हान्सबरोबर वापरायचा असेल तर लेबलवर तसं चालतं का ते आधी बघा, काही पट्टे खास हान्ससाठी खांद्यावर अरुंद केलेले असतात.

धुवायचा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, बाकी काही नाही, आणि वाळवायचा सावलीत. मुदत संपली की लेबल कापून टाका, म्हणजे दुसरा कुणी तो गाडीत लावणार नाही. कापलेल्या पट्ट्याने ट्रॉलीवरची ताडपत्री बांधायला हरकत नाही.